सोलो २ वर नवी इमेज टाकली, बॅकअप घेतला होता, तरी बाबांचे चॅनल गेले

कृष्णाकाठ · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

गावी, कराडजवळ, घरी व्हीयू प्लसची सोलो २ पेटी (उपग्रह टीव्हीचा सेट टॉप बॉक्स) आहे. चुलतभाऊ फ्रँकफुर्टला असतो, त्याने नवी घेतली तेव्हा जुनी आमच्याकडे आली. स्लॅबवर फ्रीडिशची छत्री, तिला एकच एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग), खाली ही पेटी आणि पेटीला ५०० जीबीची यूएसबी डिस्क. बाबांना सह्याद्रीवरचे कार्यक्रम रेकॉर्ड करून ठेवायचे असतात म्हणून हा थाट. नुसतं फ्रीडिश बघायला बाजारातला साधा डबा पुरतो हे मलाही ठाऊक आहे, ते सांगायला येऊ नका.

पेटीत भावाने घातलेलं ओपनएटीव्ही ६.४ हे सॉफ्टवेअर होतं. आज ७ च्या मालिकेतली इमेज, म्हणजे पेटीचं सगळं सॉफ्टवेअर एकत्र, टाकली. त्याआधी मेनूतून सेटिंगचा बॅकअप घेतला, 'यशस्वी' असा संदेशही आला. मग पेनड्राइव्हवरून नवी इमेज चढवली. पेटी व्यवस्थित सुरू झाली, नवा चेहरामोहराही आवडला. रिस्टोअर म्हटलं तर म्हणे बॅकअप सापडत नाही. डिस्क उघडून पाहिली. रेकॉर्डिंग जागच्या जागी, आजचा बॅकअप नाही.

बाबांनी शेजारी बसून ४२ चॅनलचा क्रम लावून घेतला होता. १ ला सह्याद्री, २ ला डीडी न्यूज, असं. ते आकडा दाबून चॅनल लावतात. यादी वाचायची तर आधी चष्मा शोधावा लागतो. आता सगळं स्कॅनच्या क्रमाने आलंय आणि १ वर भोजपुरी गाणी वाजताहेत. आई हसतेय, बाबा बोलत नाहीयेत.

बॅकअप गेला कुठे?

खटपट्या · शनिवार, रात्री १०:०५

एकच प्रश्न. बॅकअप घेताना डिस्क पेटीला लावलेली होती का?

कृष्णाकाठ · शनिवार, रात्री १०:११

नव्हती. इमेज टाकताना पेनड्राइव्हशिवाय दुसरं काही यूएसबीत ठेवू नका असं वाचलं होतं. म्हणून आधी डिस्क काढली, मग बॅकअप घेतला, मग इमेज.

खटपट्या · शनिवार, रात्री १०:३०

सापडलं. डिस्क काढायची हे बरोबर, पण बॅकअपच्या नंतर.

ही पेटी म्हणजे आतून लिनक्स चालवणारा छोटा संगणक, टीव्हीचं सगळं काम त्यावरचा 'एनिग्मा' हा प्रोग्रॅम करतो. त्यात 'मीडिया' फोल्डरच्या पोटात 'एचडीडी' नावाचं फोल्डर असतं. डिस्क लावली की ती त्या जागी जोडली जाते, याला माउंट म्हणतात. डिस्क नसली तरी ते फोल्डर असतंच, रिकामं, आणि ते असतं पेटीच्या स्वतःच्या फ्लॅश मेमरीत. बॅकअपने 'एचडीडी' दिसताच तिथे फाइल ठेवली आणि यशस्वी म्हणून सांगितलं. खोटं बोलला नाही बिचारा. फाइल खरंच तयार झाली, फक्त फ्लॅशमध्ये. मग तुम्ही तीच फ्लॅश पुसून नवी इमेज लिहिली. बोहारणीला दिलेल्या साडीच्या पदराला पैसे बांधलेले असावेत, तसं झालं.

ती फाइल आता मिळणार नाही. पण डिस्क जुनी आहे ना? 'बॅकअप'ने सुरू होणारं एखादं फोल्डर आहे का बघा, आत 'एनिग्मा२सेटिंग्जबॅकअप' नावाची टार-जीझेड (अनेक फाइली एकत्र दाबून बांधलेली) फाइल असेल. भाऊ शहाणा असेल तर त्याने कधीतरी घेऊन ठेवला असेल.

सिग्नल_क्षीण · शनिवार, रात्री १०:४८

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. माझंही दोन वर्षांपूर्वी हेच झालं होतं. फरक इतकाच की मी कोणाला सांगितलं नाही.

नाना_दुर्बीण · शनिवार, रात्री ११:२०

तुम्हा पोरांचं बरं आहे, पेनड्राइव्ह खुपसला की झालं. माझ्याकडे ड्रीमबॉक्स ५०० होता. फ्लॅश सगळी ८ एमबी! त्यात लिनक्स, एनिग्मा, चॅनल यादी, सगळं कोंबलेलं. इमेज चढवायची तर संगणकाला सिरियल पोर्ट हवा, नल मोडेम केबल हवी, आणि ड्रीमअप नावाचा प्रोग्रॅम. टक्केवारी मुंगीच्या पावलाने सरकायची आणि तेवढ्यात लाइट गेली की पहिल्यापासून. मी पेटी आणि संगणक दोन्ही स्कूटरच्या बॅटरीवर चालवायचा बेत केला होता, पण हिने बंद पाडला.

अवांतर: आजही या पेट्यांत उपग्रहांची यादी 'टक्सबॉक्स' नावाच्या फोल्डरमध्ये असते. ते नाव एनिग्माच्याही आधीचं. जर्मनीत डी-बॉक्स २ नावाची पे-टीव्हीची पेटी होती. हौशी लोकांनी तिच्यात लिनक्स घुसवलं, त्या प्रकल्पाचं नाव टक्सबॉक्स. प्रकल्प थंडावला, पेट्या भंगारात गेल्या, फोल्डर अजून आहे. जुन्या वाड्याच्या पाटीसारखं.

कृष्णाकाठ · रविवार, सकाळी ७:५०

खटपट्या, सापडला! डिस्कवर मागच्या दिवाळीतला बॅकअप आहे. भाऊ सुट्टीला आला होता तेव्हाचा. थेट रिस्टोअर मारू का?

खटपट्या · रविवार, सकाळी ८:०२

थांबा!! थेट नको. आधी त्या फाइलची एक प्रत लॅपटॉपवर घ्या. मग बोलू.

निळी_वायर · रविवार, सकाळी ८:४०

खटपट्या 'नको' म्हणाले, कारण मी सांगते.

६.४ पायथन २ वर चालत होतं, ७ पासून पायथन ३ आलं. रिस्टोअर करताना ते जुन्या प्लगइनची (वरून बसवलेल्या जोड प्रोग्रॅमची) यादी वाचून तेच परत बसवू बघतं. जुन्यासाठी लिहिलेले प्लगइन नव्यात चालतीलच असं नाही. एखादा अडला तर पेटी सुरू होताहोता पडते, परत सुरू होते, परत पडते. पडद्यावर एररचा मजकूर आणि आपण रडकुंडीला. शिवाय जुनी 'सेटिंग्ज' फाइल पूर्ण आणली की जुन्या स्किनचं (पडद्यावरच्या रूपाचं) नावही तिच्यातून येतं, आणि ती स्किन नव्या इमेजमध्ये नसते.

तुम्हाला हवी आहे फक्त चॅनलची यादी. ती टार-जीझेड लॅपटॉपवर सोडवा, आत 'ईटीसी' आणि त्यात 'एनिग्मा२' फोल्डर मिळेल. त्यातलं एवढंच घ्या:

लेमडीबी. सगळे चॅनल आणि ट्रान्सपॉन्डर (ज्या फ्रिक्वेन्सींवर चॅनल येतात त्या) यांची मूळ वही हीच.
बुकेज डॉट टीव्ही. कुठले बुके (चॅनलच्या याद्या) आहेत आणि कुठल्या क्रमाने, ते.
'युजरबुके'ने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली. बाबांचा क्रम यातल्या एकीत आहे.

बुकेज डॉट टीव्ही विसरू नका. ती नसेल तर युजरबुके पेटीत असूनही दिसत नाहीत आणि माणूस अर्धा दिवस शोधत बसतो. (फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिते आहे. पेटीत रोमन लिपीत, लहान अक्षरांत दिसतील.)

आणि सगळ्यात महत्त्वाचं. एनिग्मा चालू असताना फाइली ढकलू नका. एनिग्मा यादी आणि सेटिंग स्वतःच्या डोक्यात धरून बसतो आणि बंद होताना डोक्यातलं फाइलीत लिहितो. तुम्ही एफटीपीने (नेटवर्कवरून फाइली पाठवायची पद्धत) नवी फाइल टाकता, खुशीत रीस्टार्ट देता, आणि तो जाता जाता जुनं परत लिहून जातो. टेलनेटने (लॅपटॉपवरून पेटीला हुकूम द्यायची सोय) आत जाऊन 'इनिट ४' द्या, एनिग्मा थांबेल, पडदा काळा होईल, घाबरू नका. फाइली टाका. मग 'इनिट ३'. एफटीपी आत घेत नसेल तर आधी रूटचा पासवर्ड ठरवा.

सिग्नल_क्षीण · रविवार, सकाळी ९:१५

'जाता जाता जुनं परत लिहून जातो'... ताई, मी तीन वेळा टाकली होती फाइल. तीन वेळा! शेवटी पेटीलाच भूत लागलंय असं ठरवलं. आज उलगडा झाला. दंडवत.

रिमोट_हरवला · रविवार, सकाळी १०:३०

प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ · रविवार, सकाळी १०:४५

पे चॅनल फुकट उघडण्याच्या कळा, सर्व्हरच्या लायनी, 'तसली' इमेज, यांविषयीचे प्रतिसाद उडवले जातील. विचारून झाल्यावर 'माहीत नव्हतं' चालणार नाही. धागा फ्रीडिशचा आहे, तिथेच राहू द्या.

कृष्णाकाठ · रविवार, दुपारी १:१०

निळी_वायर ताई, सांगितलं तसंच केलं. इनिट ४, फाइली, इनिट ३. बुके आला! १ वर 'डीडी सह्याद्री' असं नाव, ४२ च्या ४२ ओळी, बाबांचाच क्रम. जेवताजेवता उठून आले ते.

पण चित्र लागत नाही. एकाही चॅनलवर नाही. 'ट्यूनर उपलब्ध नाही' अशा अर्थाचा संदेश येतो. मी काल नव्याने स्कॅन केलेली यादी लावली होती तेव्हा तेच चॅनल लख्ख दिसत होते. म्हणजे छत्री ठीक, केबल ठीक. बाबा परत जेवायला गेले.

खटपट्या · रविवार, दुपारी १:४०

रोचक! एका युजरबुके फाइलीतली सह्याद्रीची ओळ इथे चिकटवा. 'सर्व्हिस'ने सुरू होणारी, कोलनने तोडलेली लांबलचक.

कृष्णाकाठ · रविवार, दुपारी १:५५

चिकटवली तर मंचाने अर्धी खाल्ली. शेवटच्या भागात ३बी६०००० असं आहे, मग कोलन, मग तीन शून्यं.

खटपट्या · रविवार, दुपारी २:२०

हाहाहा. तुमची यादी कोणी केली होती? भावाने की गावातल्या डिशवाल्याने?

हे ३बी६ म्हणजे उपग्रहाचा पत्ता आहे. एनिग्मा प्रत्येक चॅनलच्या ओळीत उपग्रहाची जागा लिहून ठेवतो. अंशांना १० ने गुणायचं आणि आलेला आकडा सोळाच्या पद्धतीत (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) मांडायचा. फ्रीडिश येतं जीसॅट-१५ वरून, ९३.५ अंश पूर्व. १० ने गुणून ९३५, सोळाच्या पद्धतीत ३ए७. म्हणजे तुमच्या ओळीत ३ए७०००० हवं होतं. तिथे ३बी६ आहे, म्हणजे ९५०, म्हणजे ९५ अंश. तिथे फ्रीडिश नाही, तिथून दुसरीच डीटीएच येते.

तरी चित्र कसं दिसत होतं? कारण छत्री स्क्रूने आवळलेली आहे, ती पेटीच्या सांगण्यावरून हलत नाही. एकच एलएनबी, एकच दिशा. पेटीत तुम्ही तिला ९५ म्हणा, १९.२ म्हणा, ती जीसॅट-१५ कडेच बघणार. ज्याने स्कॅन केलं त्याने ओळखीचं ९५ निवडलं, ट्रान्सपॉन्डर हाताने टाकले, चॅनल आले, चहा पिऊन गेला. पेटीतल्या ट्यूनर सेटिंगमध्येही ९५ च होतं, म्हणून सगळं जुळत होतं.

काल तुम्ही नव्या इमेजमध्ये ट्यूनरला बरोबर ९३.५ दिलंत. आता पेटी म्हणते, ९५ बघायला माझ्याकडे ट्यूनरच नाही. तिचं बरोबर आहे.

कृष्णाकाठ · रविवार, दुपारी २:३१

डिशवाल्यानेच. भाऊ तेव्हा फोनवर होता आणि दोघांचं भांडण झालं होतं एवढं आठवतं.

फ्रँकफुर्ती · रविवार, दुपारी ४:०५

(तो भाऊ मी नव्हे, आधीच सांगतो.)

सोपा उपाय: ट्यूनर सेटिंगमध्ये परत ९५ द्या, दोन मिनिटांत बाबा खूश. इथे जर्मनीतही लोक असले घोळ करून वर्षानुवर्षं बघत बसतात.

निळी_वायर · रविवार, दुपारी ४:३०

तो उपाय चालेल, पण मला पटत नाही. उद्या फ्रीडिशचे ट्रान्सपॉन्डर बदलले, आणि ते बदलत असतात, की 'ऑटो स्कॅन' ९५ अंशांची यादी घेऊन भलत्याच फ्रिक्वेन्सी शोधत बसेल. चूक सापडली आहे तर मुळातच दुरुस्त करा. लेमडीबी आणि बुके दोन्ही साध्या मजकुराच्या फाइली आहेत.

युजरबुकेत ':३बी६००००:' शोधून ':३ए७००००:' करा. दोन्हीकडचे कोलन धरून शोधा, नाहीतर एखाद्या चॅनलच्या क्रमांकातही तेच आकडे निघतात आणि तो चॅनल मेला.

लेमडीबीत तीच गोष्ट आठ अंकी असते, पुढे शून्य लावून, आणि अक्षरं लहान. बुकेत मोठी. अक्षरांचा लहानमोठेपणा जसा आहे तसा ठेवा. शिवाय लेमडीबीत वरच्या भागात ट्रान्सपॉन्डरच्या ओळी आहेत: ११०९००००, मग २९५०००००, मग काही आकडे आणि त्यांत ९५०. हा साध्या दशमान पद्धतीतला उपग्रह आहे, त्याला ९३५ करा. हे विसरलात तर पेटी तोच संदेश देईल.

विंडोजचं जुनं नोटपॅड वापरू नका, ओळीची शेवटं बिघडण्याची भीती असते. नोटपॅड प्लस प्लस घ्या, युनिक्स पद्धतीने जतन करा.

नाना_दुर्बीण · रविवार, संध्याकाळी ५:१०

मी फ्रँकफुर्ती यांच्या बाजूने. म्हातारा माणूस संध्याकाळच्या बातम्यांची वाट बघतोय आणि तुम्ही सोळाच्या पद्धतीत गणितं करताय. आधी ९५ द्या, बातम्या बघू द्या, मग रात्री निवांत शस्त्रक्रिया करा.

कृष्णाकाठ · रविवार, संध्याकाळी ५:१८

नानांचं ऐकलं. ९५ दिलं. लागलं! १ ला सह्याद्री. रात्री फाइली बघतो.

पेठेतला_पंप · रविवार, संध्याकाळी ६:४५

धाग्याचं अपहरण करत नाही, पण माझ्याकडे हजारभर रुपयांचा साधा डबा आहे, आत जीएक्स६६०५एस चिप. त्यात दुसरं सॉफ्टवेअर टाकलं तर आधीचं परत मिळेल का? यात एनिग्मा-बिनिग्मा काही नाही.

खटपट्या · रविवार, संध्याकाळी ७:३०

यात सगळं सॉफ्टवेअर एका छोट्या आठ पायांच्या फ्लॅश चिपमध्ये असतं. तिच्यावर २५क्यू३२ असं काही लिहिलेलं असेल तर ती ३२ मेगाबिटची, म्हणजे ४ एमबी. मेनूत यूएसबी अपग्रेडच्या आसपास 'डम्प' किंवा 'बॅकअप' असा पर्याय असेल तर आधी तो वापरा, पेनड्राइव्हवर बिन फाइल मिळेल. तिचा आकार बघा. ४ एमबीच्या चिपची पूर्ण प्रत बरोब्बर ४१,९४,३०४ बाइट भरते. कमी भरली तर ती बहुतेक नुसती चॅनल यादी आहे, तिच्या भरवशावर काही करू नका.

दुसरं, दिसायला सारखे दोन डबे आतून वेगळे निघतात. रिमोट वेगळा, ट्यूनर चिप वेगळी. शेजाऱ्याच्या डब्यातली फाइल तुमच्यात घातली की डबा चालू होतो पण रिमोटला ओळखत नाही, हे मी स्वतः केलंय.

आणि अपग्रेड करताना बूटलोडरसकट (डबा सुरू करणारा पहिला प्रोग्रॅम) सगळं लिहायचा पर्याय निवडलात आणि मध्येच लाइट गेली, तर यूएसबीने काही होणार नाही. मग सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिपवर थेट लिहिणारी पाटी) आणि चिमटा. त्याच्या स्वस्त काळ्या पाटीत एक खोड आहे, ३.३ व्होल्टच्या चिपला डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट देते. बऱ्याचदा निभावतं, पण मी नाही तसं करणार. वाचन दोनदा करा, दोन्ही फाइली तंतोतंत जुळल्या तरच चिपवर काही लिहा.

पेठेतला_पंप · रविवार, संध्याकाळी ७:४१

मग आहे तोच डबा बरा.

कृष्णाकाठ · रविवार, रात्री ११:५५

ताई, दुरुस्ती झाली. पहिल्या खेपेला लेमडीबीतला ९५० राहिलाच, तुम्ही म्हणालात तोच संदेश आला. दुसऱ्या खेपेला सगळं जुळलं. ट्यूनर ९३.५, यादी ९३.५, ४२ चॅनल.

एक गंमत. मध्येच प्लगइनची यादी काही केल्या उतरेना. बघतो तर पेटीचं घड्याळ १९७० सालात.

फ्रँकफुर्ती · सोमवार, पहाटे २:२०

नवी इमेज टाकल्यावर हे होतं. वेळ उपग्रहाकडून मिळाली नाही की पेटी १ जानेवारी १९७० पासून मोजायला लागते, आणि मग सुरक्षित जोडणीची प्रमाणपत्रं तिला भविष्यातली वाटतात. वेळ इंटरनेटवरून घ्यायला सांगा, एनटीपी असा पर्याय आहे.

आता सगळं जुळलंय तर झोपायच्या आधी पूर्ण इमेजचा बॅकअप घ्या. सेटिंगचा वेगळा, हा वेगळा. यात चालू पेटीची जशीच्या तशी इमेज बनते, प्लगइन, स्किन, यादी, पासवर्डसकट. डिस्क लावून घ्या! काही मिनिटं लागतात. तयार होणाऱ्या फोल्डरात 'व्हीयूप्लस', त्यात 'सोलो२', त्यात केर्नेल आणि रूट अशा दोन मोठ्या बिन फाइली दिसल्या पाहिजेत. ते 'व्हीयूप्लस' फोल्डर एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हच्या मुळाशी ठेवा. पेनड्राइव्ह जुना, लहान, ४ किंवा ८ जीबीचा बरा. मोठे ६४ जीबीचे एक्सफॅट असतात, पेटीचा बूटलोडर ते वाचत नाही.

आणि तो पेनड्राइव्ह पेटीत खोचून ठेवू नका.

निळी_वायर · सोमवार, सकाळी ९:००

+१. फक्त एक. पूर्ण इमेज त्याच मॉडेलला चालते. उद्या पेटी जळाली आणि दुसरी घेतली तर ती निरुपयोगी, तेव्हा त्या तीन प्रकारच्या फाइलीच कामाला येतील. दोन्ही ठेवा. फाइली स्वतःला मेल करून टाका, यादी म्हणजे जेमतेम काही केबी.

सिग्नल_क्षीण · सोमवार, सकाळी ९:२५

क्लोन पेट्यांचं काय? मला एकाने स्वस्तात सोलो २ देऊ केली आहे.

खटपट्या · सोमवार, सकाळी ९:५०

नको. क्लोनवर नव्या ड्रायव्हरची इमेज घातली की पेटी बंद पडल्याचे किस्से ड्रीमबॉक्स ८०० च्या काळापासून चालत आलेत. मग जन्मभर एकाच जुन्या इमेजवर बसा. अस्सल पेटीत इमेज चढवताना लाइट गेली तरी बूटलोडर शाबूत असतो, परत पेनड्राइव्ह लावून पहिल्यापासून करता येतं. तेवढ्यासाठीच तर जास्तीचे पैसे.

कृष्णाकाठ · पुढचा शनिवार, रात्री १०:१५

पूर्ण बॅकअप घेतला, आणि नुसता घेऊन ठेवला नाही. आज दुपारी बाबा वामकुक्षीला गेल्यावर तोच पेनड्राइव्ह पुढच्या यूएसबीत लावला, मागचं बटण बंद करून चालू केलं, डिस्प्लेवर अपडेटचा संदेश आल्यावर पुढचं पॉवर बटण दाबलं. पंधरा मिनिटांच्या आत पेटी परत उभी, १ ला सह्याद्री, स्किन तीच, घड्याळ बरोबर. बाबा उठले, ३ दाबलं, बघत बसले. त्यांना पत्ताही नाही.

पेनड्राइव्हला पट्टी चिकटवून तारीख लिहिली आणि देवघराच्या खणात ठेवला. आईने विचारलं हे काय, म्हटलं बाबांचे चॅनल. तिने त्यावर कापूर ठेवलाय.

नाना_दुर्बीण · पुढचा शनिवार, रात्री १०:४०

कापूर बाजूला करा.